तिसऱ्या वेलीची द्राक्षं

१

गोगलगाय मिठाच्या पाण्यात पडली की फेस काढते. तो फेस बघितला की केझाया ब्लेनच्या पोटात ढवळायचं. ब्रॅक्सटन कोर्ट नावाच्या जमीनदारी वाड्याच्या, भिंतींनी वेढलेल्या बागेत ती चाळीस वर्षं खुरपणीला येत होती. दर मार्चला यायचं, ऑक्टोबर संपला की घरी बसायचं. इतक्या वर्षांत हातांना सगळ्याची सवय झाली होती, पोटाला झाली नव्हती.

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. बागेच्या चारी बाजूंनी बारा फूट उंच विटांच्या भिंती, आणि त्यातल्या सावलीच्या भिंतीवर आंबट चेरीचं जुनं झाड. त्याची फांदी न् फांदी पंख्यासारखी पसरून भिंतीला चपटी बांधलेली. फांदीभोवती लोकरी कापडाची पट्टी गुंडाळायची आणि पट्टीची दोन्ही टोकं खिळ्याने भिंतीत ठोकायची, ही तिथली रीत. गोगलगायींना त्या पट्ट्यांच्या मागची ओल फार आवडे. केझाया एकेका पट्टीमागे बोट घालून त्यांना ओढून काढत होती.

एक लठ्ठ गोगलगाय सुटेना. केझायाने जोर लावला तशी ती खिळ्यासकट, पट्टीसकट हातात आली. केझायाने सगळंच मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकलं. टाकलं, आणि लगेच त्या फेसात हात घालून पट्टी परत बाहेर काढली.

जाड, गडद हिरवं लोकरी कापड होतं. इंचभर रुंद, तीन इंच लांब. आणि त्याच्या मधोमध लाल लोकरीच्या रफूचे आडवेउभे टाके.

कोटाच्या कोपरावर हे टाके पडताना केझाया शेजारी बसली होती. "हिरवी लोकर संपली गं," असं टॅबिथा हॅड्रिल म्हणाली होती आणि केझाया म्हणाली होती, "मग लाल घाल. तुझ्या नवऱ्याच्या कोपराकडे बघायला कोण जातंय?"

तो कोट सात महिन्यांपूर्वी पहाटेच्या गाडीने गेला होता. कोटाच्या आत हेडमाळी एनॉक हॅड्रिल होता, आणि तो बायकोला टाकून पळाला, असं सगळा गाव म्हणत होता.

मग त्या कोटाचा कोपर इथे भिंतीवर कसा?

२

हेडमाळ्याचं घर पश्चिमेच्या भिंतीतच बांधलेलं होतं. दार बाहेरच्या अंगाला, पण माडीची खिडकी बागेत उघडे, म्हणजे हेडमाळ्याला अंथरुणातून उठल्याउठल्या कोण कामावर आलं, कोण नाही, ते दिसावं. आता त्या खिडकीत टॅबिथा एकटीच बसलेली असायची. समोर उत्तरेच्या भिंतीला टेकून द्राक्षांचं लांबलचक काचघर, त्याच्या पुढ्यात वेलींच्या मुळांचा वाफा.

टॅबिथाने पट्टी बोटांवर फिरवली. उलटी केली, परत सुलटी केली.

"अगं, बोल की," केझाया म्हणाली. "तुझेच टाके ना?"

"माझेच. एवढं वाईट रफू दुसरं कोण करणार?" ती हसली आणि हसता हसता तिचा चेहरा पडला. "सोमवारी सकाळी त्याने हा कोट घातला, केझाया. अख्खा होता. बटणं मी लावून दिली."

"आणि रात्री?"

"रात्री आलाच नाही. मुकादम पास्क येऊन सांगून गेला, की कडक थंडी पडणार, साहेब काचघराच्या भट्टीपाशी बसणार आहेत, वाट बघू नका. थंडी असली की बसायचाच तो. मी झोपले." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मंगळवारी स्टेशनवरून निरोप आला, तुमचा नवरा मोठ्या शहराचं तिकीट काढून गेला म्हणून. मी सुखाने झोपले होते, बघ."

खाटेजवळच्या पेटीवर कारभाऱ्याचं पत्र पडलं होतं. घर हेडमाळ्याच्या हुद्द्याबरोबर येतं. सेंट मायकेलच्या सणापर्यंत, म्हणजे महिनाअखेर, ते रिकामं करायचं. हेडमाळी नोकरीत असताना मेला, तर त्याच्या विधवेला फाटकाजवळची कौलारू खोली जन्मभर मिळे. पळून गेलेल्याच्या बायकोला काही नाही. टॅबिथाला मूलबाळ नव्हतं, गुडघे गेले होते. तिच्यापुढे तालुक्याचा गरीबखाना तेवढा उरला होता. तिथे बायकांचे केस कापतात आणि सगळ्यांना एकाच पिंपातली पेज वाढतात.

"मला परडीसुद्धा आली नाही," टॅबिथा म्हणाली.

इस्टेटीवर कुणी मेलं की तिसऱ्या दिवशी मालकांच्या मोठ्या घरातून फळांची परडी यायची. वर पांढरा रुमाल आणि लेडीसाहेबांचं कार्ड. गाडीवानाच्या म्हाताऱ्या आईलाही आली होती.

"परडीचं काय घेऊन बसलीस?"

"परडी आली असती तर तो मेला असता, केझाया. आता नुसता गेलाय. मेलेल्याचं दुःख तरी करता येतं गं."

केझाया उठली. "या पट्ट्या दर हिवाळ्यात नव्या असतात ना?"

"सगळ्या. जुन्या उपटून जाळतात, किड्यांची अंडी असतात त्यांत. मग झाड धुतात आणि नव्या पट्ट्या ठोकतात. सावलीच्या भिंतीची पाळी सगळ्यांत शेवटी, मार्चात."

"आणि कोट गेला फेब्रुवारीत."

आगगाडीने गेलेला कोट महिन्याभरात परत आला होता. चालत तर आला नसेल. कुणीतरी अंगावर घालून गेलं होतं आणि कुणीतरी परत आणला होता.

आणि तो कुणीतरी परत इथेच आला होता. एनॉक मात्र परतला नव्हता.

३

स्टेशनचा हमाल गिडियन दिवे पुसत होता. तिकिटंही तोच देई.

"तेच तेच किती जण विचारणार मला? हॅड्रिलच होता. हिरवा कोट, कोपरावर लाल ठिगळ, ती चपटी टोपी."

"तोंड बघितलंस?"

"मफलर नाकापर्यंत होता. फेब्रुवारीतली पहाट, सहा वीसची गाडी. मी तरी कुठे डोळे उघडले होते?"

"बोलला काय?"

"पैसे ठेवले, गावांच्या तक्त्यावर बोट ठेवलं. हॅड्रिल कधी कुणाशी बोलायचा का? मला वीस वर्षांत एकदा बोलला तो, 'पेटी नीट धर, गाढवा.'"

"म्हणजे तू कोट बघितलास."

"कोट बघितला म्हणजे माणूसच बघितला की! आत कोण असणार? बिशप?"

केझायाने त्याला पुढे विचारलंच नाही. ती तबेल्यात गेली. गाडीवान ऑट्ली सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा मग घेऊन उलट्या बादलीवर बसला होता. चांगला माणूस, पण सकाळी दहानंतर जरा कमी चांगला.

"ऑट्ली, वेलीच्या वाफ्यात पुरलेला तो म्हातारा घोडा कधी मेला रे?"

"ड्यूक? त्याच सोमवारी सकाळी. हॅड्रिल पळायच्या आदल्या दिवशी. कसलं नशीब बघ, दोघं एकदमच गेले."

"पण तो तिथे गेला कसा?"

ऑट्लीने नाक मुरडलं. उन्हाळाभर त्या वाफ्यातून जो वास उठत होता, तो बागेतल्या सगळ्यांच्या पावात, चीजमध्ये, केसांत बसला होता. जूनमध्ये तर वाफ्याच्या भेगांतून काहीतरी पाझरत होतं आणि त्यावर हिरव्या माश्यांची साय धरली होती. केझायाने त्या बाजूचं गवत तोंडाला फडकं बांधून काढलं होतं.

"तिसऱ्या वेलीच्या मुळाशी मोठा खड्डा खणला होता. पाच फूट. माती बदलायची होती म्हणे. सोमवारी हॅड्रिलने मला सांगितलं, घोडा मागच्या आवारात टाक, वर चुना घाल, वर्षभर कुजू दे. मंगळवारी दुपारी पास्क म्हणाला, काल संध्याकाळी साहेबांनी बेत बदलला, घोडा खड्ड्यातच टाक. टाकला."

"साहेबांनी बदलला?"

"मला काय विचारतेस? मी गाडीवान आहे."

वेलीच्या मुळाशी ताजं मढं घालायची जुन्या माळ्यांना खोड होती. पण एनॉक हॅड्रिलने वीस वर्षांत एक मेलेलं मांजरही तिथे घालू दिलं नव्हतं. त्यावरून त्याने एका मुकादमाला हाकललं होतं. म्हणायचा, असं करणारा माळी नव्हे, खाटीक.

"खड्डा अगदी रिकामा होता?"

"तळाला मातीची ढेकळं होती. दोनेक फूट. बागेतली पोरं म्हणत होती, आम्ही तर रिकामा सोडून चहाला गेलो होतो." ऑट्लीने सायडरचा मग तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. "केझाया, तू हे का विचारतेस?"

केझाया दाराकडे वळली. तिला ते स्वतःशीसुद्धा उच्चारायचं नव्हतं.

४

कारभारी कॅप्टन वेरिंडर टेबलावर पाय टाकून द्राक्षं खात होता. काळीभोर, लाडवाएवढी नसली तरी आवळ्याएवढी. साल तो तळहातावर थुंकत होता.

केझायाचा पहिला संशय याच्यावर होता. कॅप्टनच्या बायकोने एकदा न विचारता पीच तोडला होता. बागेतलं फळ हेडमाळ्याच्या हुकुमाशिवाय खुद्द मालकालाही तोडता येत नसे. एनॉकने तिला सगळ्या पोरांसमोर बागेबाहेर काढलं होतं. तेव्हापासून कॅप्टन त्याचं नाव घेताना ओठ वाकडा करी.

"साहेब, हॅड्रिल गेले त्या मंगळवारी सकाळी तुम्ही बागेकडे आला होतात?"

"तू मला जाब विचारतेस, म्हातारे?" त्याला गंमत वाटली. "सहा वाजल्यापासून इथल्या अंगणात होतो. शिकारीचा दिवस होता. पन्नास माणसं, चाळीस कुत्री. कुत्र्यांनासुद्धा विचार."

ते खरं होतं. त्या शिकारीची हकिगत सगळ्या गावाला पाठ होती.

केझायाने पट्टी दाखवली, सगळं सांगितलं. कॅप्टनने पट्टी नखाच्या टोकाने दूर सारली. "चिंधी. गोगलगाईच्या शेंबडाने भरलेली चिंधी माझ्या टेबलावर आणतेस?"

"तो वाफा एकदा खणून बघा, साहेब."

"तिसरी वेल? डोकं फिरलंय का? पंचवीस वर्षांत असं पीक आलं नाही. शनिवारी बिशप जेवायला येणार आहेत. लेडीसाहेबांनी याच घडांचं वचन दिलंय." त्याने आणखी एक द्राक्ष तोंडात टाकलं. रस हनुवटीवर आला. "घोड्याची करामत. पास्कला कळतं यातलं. हॅड्रिल उगाच सोवळं पाळायचा. घे, खाऊन बघ."

केझाया दारापर्यंत कशीबशी गेली. बाहेर आल्यावर तिने हौदाच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि सकाळचा चहा सगळा ओकून टाकला.

५

मुकादम रूबेन पास्क भिंतीमागच्या पडवीत येत्या हिवाळ्याच्या पट्ट्या कापत बसला होता. एकेचाळीस वर्षांचा, नीटनेटका, हळू बोलणारा. मागच्या खोलीत बागेतल्या आठ शिकाऊ पोरांबरोबर राही. त्या सामायिक खोलीत राहणाऱ्या माळ्याला लग्नाची परवानगी नसते. बायको आणायची तर आधी हेडमाळी व्हायचं, म्हणजे घर मिळतं. धोबीघरातली लेटी नऊ वर्षं त्याच्यासाठी थांबली होती. मागच्या नाताळात तिने सांगितलं होतं, हे वर्ष शेवटचं. आता महिनाअखेर हॅड्रिलची जागा आणि घर पास्कला मिळणार होतं.

केझाया दारात उभी राहिली. उजव्या मुठीत पट्टी, डाव्या हातात बादली.

"सुरेख कापता, मिस्टर पास्क. पोरांना का नाही लावत?"

"पोरं कापड वाया घालवतात." तो खूश झाला. "लोकरच लागते. सुती पट्टी कुजते, फांदीला काचते. कापायची, तेल घालून उकळायची, वाळवायची. एक दोरा फुकट जाता कामा नये."

"सावलीच्या भिंतीला पट्ट्या कुणी ठोकल्या यंदा?"

"मीच. मार्चात तिथे पोरांची बोटं गोठतात. रडतात कार्टी."

"कापड जाड होतं. चांगलं."

कात्री क्षणभर थांबली. "शिंप्याकडची कात्रणं."

"लेटी हेडमाळ्याच्या घराच्या खिडक्या मोजून गेली म्हणे. पडद्यांसाठी."

"नऊ वर्षं मोजतेय ती, केझाया." त्याचा आवाज पहिल्यांदाच खरा वाटला. "चार ठिकाणी हेडमाळ्याची जागा निघाली. चार! हेडमाळ्याच्या शिफारशीशिवाय कुणी दारात उभं करत नाही. आणि हॅड्रिल म्हणायचा, तू गेलास तर माझ्या वेली कोण बघेल? चांगलं काम केलं म्हणून मला डांबून ठेवलं त्याने. वाईट केलं असतं तर कधीच सुटलो असतो."

केझायाला एनॉक आठवला, त्याचा तो दगडी जबडा आठवला. पास्क खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट होतं.

"ते पळाले त्या मंगळवारी तुम्ही बागेत नव्हतात, नाही का?"

"वेनफर्डच्या बागेतून सफरचंदाची कलमं आणायला गेलो होतो. पहाटेच निघालो, पायी. दुपारी आलो."

वेनफर्ड म्हणजे पाच मैल. सहा वीसच्या गाडीचं पुढचं स्टेशन.

पास्क उठला. कात्री त्याच्या हातातच होती. "केझाया," तो हळूच म्हणाला, "तुझ्या मुठीत काय आहे?"

६

केझायाने बादली खाली ठेवली. ठेवता ठेवता डावा हात आत गेला. तो तिने पास्कच्या नाकापुढे उघडला.

तळहातावर फेसाळलेली गोगलगाय वळवळत होती. पास्कने तोंड फिरवलं. "शी! चल, जा तिकडे."

उजवी मूठ तशीच मिटलेली घेऊन ती गेली.

शनिवारी सकाळी पास्क काचघरात शिडीवर उभा राहून तिसऱ्या वेलीचे घड उतरवत होता. देठाला धरून, द्राक्षांच्या सालीवरच्या पांढुरक्या भुकटीला बोट न लावता. खाली परड्या भरत होत्या. केझाया आत शिरली तेव्हा तिच्यामागे टॅबिथा होती, खांद्यावर फावडं टाकलेला ऑट्ली होता आणि गावचा कॉन्स्टेबल होता. त्याला आपण इथे का आलो ते अजून नीट कळलं नव्हतं. आरडाओरडा ऐकून कॅप्टनही आला.

"हे काय चाललंय? ऑट्ली, तू फावडं घेऊन इथे काय करतोस?"

"बाई सांगतील," ऑट्ली म्हणाला. तो त्या दिवशी प्यायलेला नव्हता.

केझायाने पट्टी परडीच्या पांढऱ्या रुमालावर ठेवली.

"हा एनॉक हॅड्रिलचा कोट. सोमवारी अख्खा होता, टॅबिथाने बटणं लावली. मंगळवारी पहाटे हमालाने तो स्टेशनवर बघितला. तोंड नाही बघितलं, आवाज नाही ऐकला, नुसता कोट आणि टोपी. मार्चात तोच कोट या बागेच्या भिंतीवर ठोकला गेला. म्हणजे जो तो घालून गेला, तो परत आला. त्या सकाळी बागेतून कोण गायब होतं? कॅप्टनसाहेब शिकारीला होते. ऑट्ली मेलेल्या घोड्याशी झटत होता. मिस्टर पास्क वेनफर्डला गेले होते. तिकीट मोठ्या शहराचं, उतरले पुढच्याच स्टेशनवर. जाताना गाडीने, येताना पायी."

शिडीवर पास्क हलला नाही. त्याच्या हातात एक घड होता.

"पट्ट्या तेच कापतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. ती भिंत त्यांनीच ठोकली. दोन्ही त्यांच्या तोंडून ऐकलंय मी. आणि घोडा. वेलीशी मढं घालू न देणाऱ्या माणसाने एका संध्याकाळी बेत बदलला, असं सांगितलं कुणी? मिस्टर पास्कनीच. कारण खड्ड्याच्या तळाला ढेकळांखाली काहीतरी होतं. वर घोडा कुजत असला की खालच्या वासाचं कुणी विचारत नाही आणि खणायलाही कुणी जात नाही."

काचघरात माश्या घोंगावत होत्या. कॅप्टन खाकरला. "पुरे. खणायचं असेल तर सोमवारी खणू. आज मुळं दुखावली तर राहिलेले घड सुकतील. संध्याकाळी बिशप..."

टॅबिथाने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. तिने ऑट्लीच्या खांद्यावरून फावडं ओढून घेतलं आणि बाहेरच्या वाफ्यात, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, पहिला घाव घातला. मग ऑट्लीने ते तिच्या हातून हळूच काढून घेतलं. "मी टाकला तो, मिसेस हॅड्रिल," तो म्हणाला. "मीच काढतो."

दोन तास लागले. घोड्याबद्दल न बोललेलं बरं. कॉन्स्टेबल दोनदा भिंतीमागे जाऊन आला. घोड्याच्या बरगड्यांमधून वेलीची पांढरी मुळं दोरखंडासारखी खाली गेली होती. ऑट्लीने ती तोडली आणि त्याखालची ढेकळं हातांनी बाजूला केली. तोपर्यंत त्याच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून गळत होतं आणि ते पुसायला त्याच्याकडे स्वच्छ बोट नव्हतं.

मुळं घोड्यापाशी थांबली नव्हती.

एनॉकला टॅबिथाने त्याच्या बुटांवरून ओळखलं. अंगात शर्ट होता, कोट नव्हता. डोक्याची मागची बाजू फुटलेली होती.

पास्क शिडीवरून खाली उतरला होता. पळायचा प्रयत्न त्याने केला नाही. "शिफारस लिहायला सांगितली," तो म्हणाला, "पाचव्यांदा. खड्ड्याच्या काठावर उभा होता. कोट काढून खिळ्याला अडकवला होता त्याने, माती चाळायला. हसला. म्हणाला, तू म्हातारा होशील रे माझ्या वेलीखालीच. माझ्या हातात फावडं होतं."

"आणि कोट?" केझायाने विचारलं. "जाळला असतास तर मला काहीच कळलं नसतं."

पास्कने तिच्याकडे बघितलं. त्याला खरंच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. "एवढं चांगलं कापड," तो म्हणाला. "जाळवेना."

केझायाने पट्टी कॉन्स्टेबलच्या हातात दिली. माणूस मारताना याचा हात थांबला नाही. लोकर जाळताना थांबला.

७

बिशपांचं जेवण झालं. तारीख ठरलेली होती. सकाळी उतरवलेल्या परड्या आधीच स्वयंपाकघरात पोचल्या होत्या आणि तिथे कुणी कुणाला काही विचारलं नाही. वाढप्याने नंतर सांगितलं, की एकही द्राक्ष उरलं नाही.

कॅप्टनने टॅबिथाला निरोप धाडला. मिस्टर हॅड्रिल नोकरीत असताना वारले असं ठरलं आहे, फाटकाजवळची खोली तयार आहे. एनॉकला चर्चमागे पुरलं. लेटी आली होती. ती लांब झाडाखाली उभी राहिली आणि कुणाशी न बोलता निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी टॅबिथा खोलीत सामान लावत होती आणि केझाया चहा करत होती. दारावर टकटक झाली. मोठ्या घरातली मोलकरीण होती. तिने परडी उंबऱ्यावर ठेवली, गुडघा वाकवून नमस्कार केला आणि गेली.

वर पांढरा रुमाल. लेडीसाहेबांचं कार्ड. केझायाने रुमाल उचलला.

यंदा बागेत याहून चांगलं फळ दुसरं कुठलं असणार? मोठ्या घराची रीत होती, रीतीप्रमाणे परडी भरली गेली होती. भरणाऱ्याने डोकं वापरलं नव्हतं, कारण परडी भरायला ते लागत नाही. काळीभोर, आवळ्याएवढी, वरची भुकटीसुद्धा न पुसलेली. तिसऱ्या वेलीवर राहिलेले शेवटचे दोन घड.

"देवा," केझाया म्हणाली. "थांब. मी टाकते कुठेतरी."

"नको." टॅबिथाने शाल घेतली. "माझी परडी आहे. मी नेते."

ती लंगडत लंगडत मोठ्या रस्त्याने गेली. मागच्या दाराने नाही, पुढच्या. त्या सात पायऱ्यांवर इस्टेटीतल्या कुठल्याही कामकरी बाईने कधी पाय ठेवला नव्हता. केझाया मागून गेली. टॅबिथाने घंटा ओढली. बटलरने दार उघडलं आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"मिसेस हॅड्रिल, मागच्या दाराने यायचं."

"आज इथूनच. ही परडी आत न्या."

"ही तुमच्यासाठी..."

"माझं होतं ते मी पुरलं," टॅबिथा म्हणाली. "हे राहिलेलं आत न्या. आतल्यांना सवय आहे."

बटलरने खाली परडीकडे बघितलं, मग तिच्याकडे. आणि मग त्याला कळलं. त्याने शनिवारी स्वतःच्या हातांनी वाढलं होतं, वाढता वाढता थोडं चाखलंही असेल. तो दाराला धरून उभा राहिला. दोघी पायऱ्या उतरल्या.

परतताना टॅबिथा बागेच्या फाटकाशी थांबली. "ती पट्टी दे मला."

"कॉन्स्टेबलने नेलीय गं. खटल्याला लागणार."

"बाकीच्या?"

बाकीच्या तशाच होत्या. सावलीच्या भिंतीवर, चेरीच्या फांद्यांवर, हिरव्या, शेकड्याने. दोघी कामाला लागल्या. केझाया खिळा उपटायची, पट्टीमागची गोगलगाय बाजूला टाकायची, पट्टी एप्रनला पुसून टॅबिथाकडे द्यायची. टॅबिथा ती घडी करून खिशात ठेवायची. नवा हेडमाळी यायला अजून आठवडा होता. पोरं लांबून बघत होती, अडवायला कुणी आलं नाही.

संध्याकाळपर्यंत टॅबिथाचे दोन्ही खिसे फुगले, आणि पन्नास वर्षं भिंतीला चिकटून राहिलेलं ते झाड सुटून पुढे झुकलं.